मधल्या तेवढ्या मरू देत

मला दिवस गेले आणि आमच्या घरात मरणाचं नाव काढायला बंदी झाली. बंदी घातली सासूबाईंनी. माझ्यासाठी त्या तिसऱ्या महिन्यात साताऱ्याहून उत्तरेत, बख्शी का तालाबच्या आमच्या एअर फोर्स क्वार्टरमध्ये येऊन राहिल्या होत्या. आणि मी शहरातल्या प्रयोगशाळेत दिवसभर मरणच बघायचे. अंड्यातल्या पिलाच्या पायाला आधी सुटी बोटं नसतात, वल्ह्यासारखा चपटा पाय असतो. मधल्या पेशी ठरल्या वेळी आपण होऊन मरतात, तेव्हा बोटं सुटी होतात. अशा पेशीचा डीएनए ठराविक अंतरांवर कापला जातो आणि तो जेलच्या पारदर्शक, लिबलिबीत थरातून सरकवला की शिडीसारखे पट्टे उमटतात. पेशी मार लागून मेली असेल तर नुसता फराटा दिसतो. जेलची रसायनं त्या दिवसांत मला वर्ज्य होती, म्हणून मी फोटो बघायचे. शिडी दिसली की जेवण गोड लागायचं.

हे एकदा ताटावर बसून कौतुकानं सांगायला गेले.

"शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली," सासूबाई म्हणाल्या. "पोटुशीनं असलं बोलू नये गं."

पाचव्या महिन्यात सोनोग्राफी करताना डॉक्टरीणबाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. "मुट्ठी खुल नहीं रही. उँगलियाँ अलग नहीं दिख रहीं. घर में किसी की जुड़ी हुई हैं क्या?"

नवऱ्यानं स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. त्याच्या पायाची दोन बोटं जोडलेली आहेत. सासरी याला भाग्याची खूण म्हणतात. बुटात लपते ती भाग्याची खूण. हाताचं काय करायचं?

"ऑपरेशन होतं त्याचं," तो गाडीत म्हणाला. मी खिडकीची काच खाली केली. बोलले असते तर भांडले असते.

पुढच्या तपासणीतही मूठ बंदच. मूल जन्मेपर्यंत वाट बघायची, एवढंच हातात होतं. प्रयोगशाळेत शिडी दिसली तरी आता मी फोटो पालथा ठेवायचे. कोंबडीच्या पिलाला जमतं, माझ्या लेकराला जमलं असेल का?

"त्या पेशी मेल्या नाहीत म्हणून होतं का हे?" सासूबाईंनी एका संध्याकाळी विचारलं.

"हो, आई."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे त्या पुटपुटत होत्या. "मरू देत रे देवा. मधल्या तेवढ्या मरू देत." त्या पेशींची वेळ दुसऱ्या महिन्यातच उलटून गेली होती. जे व्हायचं ते सासूबाई साताऱ्याहून निघण्याआधीच झालेलं होतं. मी हे त्यांना सांगितलं नाही. खरं तर मलाही ती प्रार्थना हवी होती.

मुलगी छावणीतल्या दवाखान्यात झाली. दुपट्यात गुंडाळून आणली तेव्हाही मूठ घट्ट. माझा हात पुढे होईना. सासूबाईंनी ती मूठ हळूच उलगडली आणि प्रत्येक दोन बोटांच्या मधून आपली करंगळी फिरवली. मग दुसरा हात, मग पाय. नंतर त्या मटकन स्टुलावर बसल्या आणि हुंदके देऊन रडू लागल्या.

शेजारच्या खाटेवरची बाई घाबरून उठून बसली. "क्या हुआ, अम्मा?"

"सब मर गए, बेटी," सासूबाई डोळे पुसत हसल्या. "भगवान ने सुन लिया."