एकसष्टावा दिवस

“ही आमच्या ऑफिसची पोरगी. जेलचं काम हिच्याकडे. तिथं हिच्याच ओळखीचे जास्त असतात ना!”

सर हे म्हणाले तेव्हा मी काळा कोट घालून, पांढरा बँड लावून त्यांच्या टेबलाशी उभी होते. समोरच्या खुर्चीत कापसाच्या जिनिंग कारखान्याचे एक शेठ बसले होते, सरांचे जुने पक्षकार. ते हसले. सरांचा मुलगाही वकील, तोही हसला. आणि मीसुद्धा हसले. शेठनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “कोणत्या गावच्या?” मी दर्यापूरकडचं माझं गाव सांगितलं. “आडनाव?” तेही सांगितलं. “अच्छा,” म्हणाले. पुढे काही विचारायची त्यांना गरज उरली नाही.

स्वतःच्या अपमानावर स्वतःच हसायचं, ही सवय मला तीन वर्षांत लागली होती. त्या लोकांचा राग येतोच. पण त्या हसणाऱ्या मुलीचा मला जास्त राग येतो.

आमच्या खानदानात मी पहिली वकील. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, बाप झेडपीच्या शाळेत शिपाई झाला, मी अमरावतीला लॉ केलं. फौजदारी शिकायची म्हणून अकोल्यात खोली केली आणि सरांकडे लागले. त्यांच्या घरात तीन पिढ्यांची वकिली. शिकवलंही त्यांनी, खोटं कशाला बोलू? जामीन अर्ज कसा लिहायचा, साक्षीदार कुठे घसरतो, पोलिसांचा पंचनामा कसा वाचायचा, सगळं. मी लिहायचे, त्यांचा मुलगा कोर्टात वाचून दाखवायचा. शाबासकी त्याला.

आरोपी ज्या कागदावर सही करून ‘हा माझा वकील’ म्हणतो, ते वकीलपत्र. आमच्या ऑफिसच्या वकीलपत्रावर बापलेकाचीच नावं छापलेली होती. त्यावर नाव नसेल तर कोर्टात तुम्ही बघे. एकदा धीर करून विचारलं, सर, माझंही नाव टाकू का? सरांनी फाईलमधून मानही वर काढली नाही. “तुझं आडनाव दिसलं तर पार्टी पायरी चढणार नाही. तुझ्याच भल्यासाठी सांगतो.”

माझ्या भल्यासाठी! तीन वर्षं मी कोट घालून बघ्याचं काम केलं.

मग बार्शीटाकळीहून ती मावशी आली. आमच्यातलीच. दाराबाहेर चपला काढल्या आणि पायरीवरच बसली. मी म्हटलं, खुर्चीवर बसा. “नाई, हितंच बरं हाये.” वकील कसा शोधला विचारलं, तर म्हणाली, “कोर्टाच्या गेटावर स्टॅम्पवाल्याले पुसलं, सर्वात मोठी गाडी कोन्या वकिलाची हाये? त्यानं हे ऑफिस दाखोलं.”

आमच्याकडे वकील असाच शोधतात. गाडी बघतात, पाटी बघतात, आडनाव बघतात. कोर्टात तोंड कोण उघडतं, हे कोणी विचारत नाही.

तिचा पोरगा त्याच शेठच्या जिनिंगमध्ये कामाला होता. सुट्टीवरून मॅनेजरशी त्याचं तोंड वाजलं. दुसऱ्या आठवड्यात मोटारीची तांब्याची केबल चोरल्याच्या गुन्ह्यात तो आत. केबल सापडली नव्हती. बघणारा कोणी नव्हता. मावशीनं जिनिंगचं नाव घेतलं तशी मी सरांकडे पाहिलं. आता हे म्हणतील, बाई, ते माझे पक्षकार आहेत, तुम्ही दुसरा वकील बघा. सर म्हणाले, “काळजी करू नका. आपण बघू.” जेलवर जाऊन वकीलपत्रावर पोराची सही मीच आणली. हे पाप माझ्या हातून झालं, ते मी कोणावर ढकलत नाही.

पहिला जामीन अर्ज नामंजूर झाला. सरांचा मुलगा जेमतेम दोन मिनिटं बोलला होता.

त्यानंतर मी दिवस मोजायला लागले. अशा गुन्ह्यात पोलिसांना तपासासाठी साठ दिवस असतात. तेवढ्यात दोषारोपपत्र कोर्टात आलं नाही, तर आरोपीचा जामिनाचा हक्क उभा राहतो. मग तो चोर की साव, याची चर्चा नाही. फक्त एक आहे, तो हक्क मागावा लागतो. मागायच्या आत पोलिसांनी दोषारोपपत्र आणून टाकलं की हक्क गेला. श्रीमंताचा वकील त्या सकाळी कोर्ट उघडायच्या आधी दारात उभा असतो. गरिबाला असा काही दिवस असतो हेच माहीत नसतं.

साठ दिवस भरले. मी अर्ज तयार करून सकाळी सरांपुढे ठेवला. त्यांनी वाचला. “चांगला लिहिलास,” म्हणाले, आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

“सर, आज दाखल करायला पाहिजे.”

“पोलीस परवा दोषारोपपत्र आणतायत. शेठचा फोन होता. मग नेहमीसारखा अर्ज करू.”

“पण परवा हक्क जाईल, सर.”

“दोन-चार महिन्यांनी काय बिघडतं? या लोकांना जेलची सवय असते.”

या लोकांना. माझ्या तोंडावर, माझ्याच हातचा अर्ज ड्रॉवरमध्ये कोंबून. आणि खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा माझे ओठ हसायला निघाले होते. जुनी सवय. मी दात दाबून ते थांबवले. मी बाहेर पडले आणि सरळ कोर्टात गेले.

त्याच दिवशी पोराची तारीख होती. पोलिसांनी त्याला जेलमधून आणून व्हरांड्यात बसवलं होतं. मावशी खांबाला टेकून उभी. सोबतच्या हवालदाराला म्हटलं, दोन मिनिटं बोलू द्या. तो तोंड फिरवून उभा राहिला.

पोराला म्हटलं, “तुले साठ दिवस झाले. दोषारोपपत्र आलं नाई. तू सोता जामीन मागू शकतं.”

“मी? वकील हायेत ना.”

“ते नाई मागत.”

“काहून?”

काय सांगणार होते मी त्याला? म्हटलं, “ते मंग सांगीन. आधी मांग.”

“मले बोलता येते साहेबासमोर?”

“येते. तुहा हक्क हाये. कोनाची मेहेरबानी नाई.”

पुकारा झाला. सरांचा मुलगा उभा राहिला आणि नेहमीच्या सुरात म्हणाला, पुढची तारीख द्यावी. मॅजिस्ट्रेट साहेबांनी पेन उचललं. पोरगा आरोपीच्या जागेत उभा, ओठ हलतात, आवाज नाही. साठ दिवसांत त्याला फक्त मान खाली घालायला शिकवलं होतं. पेन कागदावर टेकलं.

मी उठले.

“साहेब, आरोपीला स्वतः काही सांगायचं आहे.”

सरांचा मुलगा फिरला. “साहेब, या आमच्या ज्युनिअर. यांचं वकीलपत्र नाही. यांना बोलायचा अधिकार नाही.”

खोलीभर वकील बसले होते. कोणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी विचारलं, “तुम्ही कोणाच्या वतीनं?”

“कोणाच्याच नाही, साहेब. माझं ऐकू नका. त्याचं ऐका.”

आणि मी पोराकडे बघून मोठ्यानं म्हटलं, “बोल!”

“साहेब, मले साठ दिवस झाले,” तो बोलला. घोगरा, चिरका आवाज. “पोलिसायनं कागद आनला नाई. मले जामीन द्या.”

साहेबांनी क्लार्ककडे पाहिलं. क्लार्कनं फाईल उलटीपालटी केली. दोषारोपपत्र नव्हतं. साहेबांनी सरांच्या मुलाला विचारलं, “अर्ज का केला नाही?” तो हातातली फाईल चाळायला लागला. साहेब म्हणाले, आरोपीनं मागितलंय ते पुरेसं आहे, सही असलेला कागद द्या. तिथंच बाकावर बसून मी कोऱ्या कागदावर त्याच्या नावानं अर्ज लिहिला. सही त्याची. त्या कागदावर माझं नाव कुठेच नाही. दुपारी जामीन झाला.

बार रूममध्ये सर वाट बघत होते. सगळ्यांसमोर म्हणाले, “शिकवलं ते माझ्यावरच उलटवलंस. शेवटी जातीवर गेलीस. आता तुला या कोर्टात कोण केस देतं ते मी बघतो.”

मी म्हणाले, “तुम्ही दोन्हीकडून फाईल घेतली, सर. ते मी लेखी देणार आहे.” त्या खोलीत कोणी माझ्या बाजूनं उभं राहिलं नाही. तक्रार मी त्याच आठवड्यात वकिलांच्या संघटनेकडे दिली. अजून उत्तर नाही. मी दर महिन्याला जाऊन विचारते.

पोरगा सुटल्यावर मावशी मला कोर्टाच्या गेटाजवळ भेटली. पाया पडायला लागली, मी हात धरले. पुढे खटला चालणार होता. केस अजून बाकी होती. मी माझं वकीलपत्र काढलं, माझ्या नावाचं, पूर्ण आडनावासकट. तिनं ते हातात घेतलं, बघितलं, आणि हळूच परत केलं.

“रागवू नको माय. खटल्याले मोठा वकील लागन. आपल्यातल्या बाईचं साहेब लोक आयकतीन काय?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाटलं, ओरडावं हिच्यावर. साहेबानं त्या दिवशी ऐकलं, ते कोणामुळे? पण तिनं हे आईच्या पोटातून आणलं नव्हतं. तिला हे शिकवलं गेलं होतं, मला हसायला शिकवलं तसंच. शिकवणारे आत बार रूममध्ये बसले होते. माझं भांडण तिच्याशी नाही.

मी कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि तिला म्हटलं, “करा मोठा वकील, मावशी. ज्याची गाडी मोठी तोच करा. पन खटल्याच्या दर तारखेले मी कोर्टात असीन, मागच्या बाकावर. तो गप बसला त मी उभी राहीन. वकीलपत्र असो का नसो.”