नानकटाईचा ट्रे आणि कॉफीचा बन

कॉफीच्या स्वादाचे गोड बन विकणाऱ्या त्या कंपनीचं गोंदियातलं दुकान दिसलं की अजून माझं डोकं फिरतं. बन वाईट नाही. वरून खरपूस, आत लोणी. माझा राग दुकानावर आहे.

त्या जागी आधी लाकडाच्या भट्टीची जुनी बेकरी होती. लग्नकार्याला गावोगावच्या बायका घरून नानकटाई वळून ट्रेमध्ये आणत, बेकरीवाला भाजून देई. एकीची दुसरीकडे जाऊ नये म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली. कुणी वेलदोडा टोचे, कुणी बोटाचा ठसा उमटवी. माझ्या आईची खूण म्हणजे चारोळीचा दाणा.

धाकट्या बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरला, तेव्हा आईने घरच्या तुपात पीठ मळलं. पाहुण्यांपुढे आपल्या हातचं गोड ठेवायचं, एवढीच तिची हौस. आमच्या गावाहून, कामठ्याहून, माझ्या स्कूटीवर मागे बसून, मांडीवर ट्रे सांभाळत ती आली. आम्ही दोघी बघतो तर भट्टी गेलेली, काचेचं दार, आत गार हवा. पाटीवर ‘बेकरी’ मात्र लिहिलेलं. तेवढं वाचून आई सरळ आत शिरली.

“बाबू, एवढं भाजून दे ना. पोरीचं साक्षगंध हाये.”

काउंटरवरचा टोपीवाला हसला. “आंटी, बाहर का माल अंदर नहीं चलता.”

“बेकरी हाये न हे? मंग भाजून काऊन नाही देत?”

मॅनेजर धावत आला. ट्रे उचला म्हणाला, गिऱ्हाइकांना त्रास होतो. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. त्रास म्हणे! स्वतः रस्ताभर कॉफीचा वास सोडतात, तो चालतो. मी तोंडाला येईल ते बोलले. शेवटी आईनेच मला ओढत बाहेर आणलं.

घरी तिने गंजात, मोठ्या पातेल्यात, वाळू तापवली, त्यात ताटली ठेवून चुलीवर नानकटाई भाजली. सगळी खालून करपली. सुरीने खरवडून तिने ती डब्यात भरली आणि डबा वर फळीवर ठेवून दिला. “लोकायसमोर नोको काढू,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साक्षगंधाला दवनीवाड्याहून मुलाकडचे पाहुणे आले. सोबत काय आणलं, तर त्याच दुकानातल्या बनांचा खोका! पोह्यांबरोबर तेच बन ताटलीत गेले. सगळ्यांनी तारीफ केली. आईनेही केली. मी दात-ओठ खात चहा देत होते.

पाहुण्यांचं भांडं आमच्याकडे रिकामं परत देत नाहीत. पुठ्ठ्याचा खोका परत कोण मागतं? पण पाहुणे निघाले तशी मी मुद्दाम तो पुसून आईपुढे धरला आणि फळीवरचा डबा खाली काढला.

“नोको वो, करपली हाये ते.”

“मंग रिकामा खोका देतेस का त्यायले?”

ते तिला जमणार नव्हतंच. तिने एकेक नानकटाई नीट लावली, प्रत्येकीवर चारोळी. झाकण मी लावलं, कंपनीचं सोनेरी नाव वर येईल असं.

बाहेरचा माल आत चालत नाही म्हणे. त्यांच्याच खोक्यात भरून पाठवला.