लव्हेर्तूच्या तळघरातला पंप

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या त्या गिरणीगावात निम्म्या गल्लीची ऊब रोझेर लव्हेर्तूने बसवलेली. तळघरातला बॉयलर पाणी तापवतो, पंप ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून घरभर फिरवतो; पंप गप्प झाला की घर गार. त्याच्या पंपाला दुसऱ्याचा पाना लागलेला त्याला खपत नसे. पोरगी जीझेलही हेच काम करायची, पण बापाच्या गल्लीत तिलाही मज्जाव.

हल्ली त्याचा उजवा हात थरथरायचा. हात थरथरला की माणसाला घरी बसवतात आणि वर त्याला विश्रांती म्हणतात. रोझेर बसणाऱ्यातला नव्हता.

जानेवारीत त्याच्याच घरचा पंप बंद पडला. बायको इरेन ओव्हनचं दार उघडं टाकून, कोट घालून त्यापुढे बसली.

"जीझेलला बोलावते."

"माझ्या तळघरात? मी मेलो का?"

"अजून नाही. पण अशी थंडी राहिली तर दोघंही जाऊ."

नवा पंप घेऊन तो खाली उतरला. बोल्ट हातातून निसटत होते, पँट भिजली, तिथल्या फ्रेंच रिवाजाने चर्चच्या वेदीवरच्या एकूण एक भांड्याच्या नावाने शिव्या घालून झाल्या. दुपार कलली तेव्हा पंप घुमू लागला. तो वर येऊन ऐटीत खुर्चीत बसला.

इरेनने रेडिएटरवर हात ठेवला. "गार."

"वेळ लागतो."

वाटाण्याचं सूप संपलं तरी गारच. तिने फोन उचलला. या वेळी तो बॅटरी शोधायला उठला.

जीझेलने येऊन पंपावर बॅटरी मारली. पाणी कुठे जाणार ते दाखवणारा अंगावरचा बाण उलट्या दिशेला. पंप पाणी मागे ढकलत होता, पुढची एकेरी झडप ते अडवत होती. याच बाणावरून रोझेरने आयुष्यभर लोकांचे बाप काढले होते.

"कोणी बसवला?"

"दुकानदाराने."

"इथे खाली आला होता होय तो?"

"तोंड नको चालवू. पाना चालव."

तिने दोन्हीकडचे कॉक बंद करून बोल्ट सोडले. तो बॅटरी धरून उभा. उजेड इकडेतिकडे नाचत होता.

"बाबा, भिंत नाही दुरुस्त करायची."

त्याने बॅटरी दोन्ही हातांनी धरली.

तिने पंप फिरवून सुलटा बसवला, पाइप तापले. दोघं वर आली तोच शेजारच्या दूसे बाईंचा फोन. त्यांचा पंप कुरकुरत होता. रोझेर उद्या येईल का?

"जीझेल येईल," तो म्हणाला. "नाही, मला काही झालेलं नाही. ती येईल म्हटलं ना."

फोन ठेवून तो पोरीकडे वळला. "त्यांच्या तळघराची शेवटची पायरी मोडकी आहे. जपून उतर."