झाकलेले एक हजार एक

कारखान्याच्या फाटकावर, बाहेर पडणाऱ्या बायकांची झडती घेणं हे आत्याचं काम. तिथं उभं राहून तिच्या अंगात एक खोड भिनली होती. कुणी आपणहून पिशवी उघडून दाखवली की तिला उलट जास्त संशय यायचा.

त्यामुळे भाचीनं लग्नासाठी ठरवलेला मुलगा घरी आणला आणि तो आल्याआल्या मोकळेपणानं हसायला लागला, तेव्हाच आत्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. आईबापाविना राहिलेली ही भावाची पोर तिनं लहानाची मोठी केली होती. मुलगा वजनकाटे दुरुस्त करायचा. चहा होईपर्यंत त्यानं तिच्यापुढं कागद सरकवला.

"आत्या, कुठलीही तीन आकडी संख्या लिहा. तिच्यापुढं तीच परत लिहा. मला दाखवू नका."

तिनं हाताच्या आडोशानं ३८६३८६ लिहिलं.

"आता सातनं भागा, बाकी उरणार नाही. आलेल्या उत्तराला अकरानं, मग तेरानं. तुमची संख्या परत येईल."

आली. आत्यानं भाचीकडं पाहिलं. ३८६ हा तिच्या बिल्ल्याचा नंबर. पोरीनंच फोडला असणार. तिनं ९०२ घेतलं. तेही परत आलं. मग त्याला कात्रीत पकडायचं म्हणून तिनं शून्यापासून सुरुवात केली, ०४७. सत्तेचाळीस हजार सत्तेचाळीस भागत भागत निमूट सत्तेचाळीसवर आले.

"छान," ती म्हणाली, आणि दिवसभर धुमसत राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार केला. एक हजार एक. ३८६ला एक हजार एकनं गुणलं, तर ३८६३८६. म्हणजे संख्या दोनदा लिहायला लावून यानं आधी गुणून घेतलं, आणि मग तेवढ्यानंच तुकड्यातुकड्यानं भागायला लावलं. कोडं सुटलं, पण संशय दुणावला.

पुढच्या खेपेला तो टेकायच्या आत ती म्हणाली, "एक हजार एक."

"सापडलं तुम्हाला!" तो खूश झाला.

"सरळ का नाही सांगितलंत?"

"लगेच कळलं असतं. मग कसली गंमत?"

"म्हणजे सगळं समोर ठेवून झाकता येतं तुम्हाला. आणखी काय झाकलंय?"

फाटकावर ती हे रोज विचारायची आणि बायका हसायच्या. तो हसला नाही.

"माझं आधी एक लग्न झालं होतं. मोडलं. मी पहिल्या दिवशीच सांगणार होतो."

"मग अडलं कुठं?"

त्यानं आतल्या दाराकडं पाहिलं. आतून भाची म्हणाली, "मीच नको म्हटलं, आत्या. तुझा होकार आला की मग सांगू म्हटलं."

इतक्या जणींच्या पिशव्या उलट्या केल्या, पण हिनं आपल्यापासून काही झाकलं असेल असं आत्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"पहिलीचा पत्ता द्या," ती त्याला म्हणाली.

त्यानं दिला. सुट्टीच्या दिवशी आत्या खरंच तिकडं जाऊन आली. "भला आहे," ती बाई म्हणाली होती, "पण तासन्‌तास काटे खोलून बसतो. बोलायला सवड नाही."

लग्न झालं. जावयाशी आत्याचं चांगलं जमलं. भाचीशी मात्र ती कितीतरी दिवस मोजकंच बोलायची, आणि भाची तरीही दर आठवड्याला येत राहिली.