समोर सरका

अडकित्ता दोनदा वाजायचा, टक-टक, आणि मागोमाग हाळी यायची, "चला, समोर सरका, समोर सरका!" हिंगणघाटला आमच्या गल्लीत सकाळचे सात वाजले हे मला कधी घड्याळात बघावं लागलं नाही. शेजारच्या ओसरीवर मांजरांच्या जेवणाची वेळ झालेली असायची.

हे शेजारी म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सारी गल्ली त्यांना काका म्हणे. तिकिटाचा पंच नोकरीबरोबर जमा करावा लागला, तेव्हापासून हाताची सवय ते सुपारीच्या अडकित्त्यावर भागवत. घरात ते एकटे आणि तीन मांजरं. नावं त्यांच्या जुन्या रस्त्यावरच्या थांब्यांची: वर्धा, समुद्रपूर आणि जाम. वर्धा हा बोका सगळ्यांच्या आधी हजर. समुद्रपूरचं नाव पुरतं उच्चारेपर्यंत तिची ताटली निम्मी झालेली असायची. आणि जाम ही म्हातारी, लठ्ठ मांजर नावाला जागून जिथे बसेल तिथे बसून राहायची.

नियम कडक. तीन ताटल्या, तीन कोपरे. मऊ भात आणि उकडलेली कलेजी. दहा मिनिटं झाली की ताटल्या उचलायच्या. राहिलं त्यानं संध्याकाळी सहाला यावं. "गाडी कोनासाठी थांबते काय, साहेब?" मी बँकेतला, म्हणून साहेब. पण जाम फाटकातून डुलत डुलत येई तेव्हा दहाची पंधरा मिनिटं झालेली असत आणि तिची ताटली जागेवरच असे. मी मनगटाकडे बोट दाखवलं की काका दुसरीकडे बघत. "माह्यं घड्याळ मांगं आहे जी."

आता कबूल करायला हरकत नाही, या उशिरात माझाही हात होता. साडेसहाच्या चहाबरोबर मी खिडकीतून जामला वाटीभर दूध द्यायचो. एका सकाळी काका तिला काखोटीला मारून माझ्या दारात आले.

"साहेब, हे प्रवासी मधल्याच थांब्यावर उतरून राह्यली."

"छे हो, मला काय माहीत?"

त्यांनी जामच्या मिशीवरचा पांढरा थेंब बोटानं टिपून मला दाखवला. "हिले दूध पचत नाई. पोट बिघडते, अन् निस्तरतो मी. देऊ नका जी." विनातिकीट सापडलेल्या माणसाचं तोंड कसं होतं ते तुम्ही पाहिलं असेल, तसं माझं झालं. दूध बंद केलं. जाम तरीही उशिराच येत राहिली.

मग एका हिवाळ्यात काकांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, नागपूरला, मुलीच्या गावी. निघताना त्यांनी अडकित्ता माझ्या हातात ठेवला. "त्या दोघाइची काळजी नाई. जामकडे पाहाजा."

वर्धा आणि समुद्रपूर यांनी मला एका दिवसात मानलं. जाम मात्र काकांच्या कुलूपबंद दाराकडे तोंड करून बसली. मी अडकित्ता वाजवला, ताटली तीच, कोपरा तोच, "पुढे सरका, पुढे सरका" म्हणून घसा कोरडा केला. दोन दिवस तिनं घास घेतला नाही. एवढ्या वयात उपास तिला झेपणार नाही, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं. मी खरंच घाबरलो. आणि काकांचा रोज फोन, "जेवली काय?" मी म्हणायचो, "जेवली." कारण त्यांची मुलगी मला आधीच म्हणाली होती, "बाबाइले खरं सांगू नका जी, ते ऑपरेशन सोडून पहिल्या गाडीनं निघतीन."

तिसरी सकाळ ऑपरेशनची. सातला फोन आला. मी ओसरीवरच होतो.

"जेवली काय?"

"जेवली की."

"साहेब, तीस वर्सं लोकाइची तिकिटं पाह्यली म्या. तुमचा आवाज विनातिकीट येऊन राह्यला."

मग मी सगळं सांगून टाकलं. पलीकडे मुलगी "बाबा, चला" म्हणत होती.

"आवाज देता का तिले? काय म्हनता?"

"तुमचंच. पुढे सरका, पुढे सरका."

काका एवढ्यानं हसले की पलीकडे कोणीतरी त्यांना दटावलं. "पुढे? अवो, तुमी साताऱ्याचे, थे मांजर हिंगणघाटचं! समोर म्हना, समोर!"

इकडे 'पुढे'ला 'समोर' म्हणतात, आणि इतकी वर्षं इथे राहून, रोज ती हाळी ऐकून मी पुढेच म्हणत होतो. अडकित्ता वाजवला. "समोर सरका, समोर सरका." जामचा एक कान वळला. मग मान. मग ती अख्खी उठली, डुलत डुलत आली आणि ताटलीत तोंड घातलं. मी फोन ताटलीजवळ धरला. कलेजी चावल्याचा मचमच आवाज नागपूरला पोचला असणार, कारण पलीकडून काका म्हणाले, "बस. डबल बेल. आता मी जातो आतमंदी." माझे डोळे भरून आले होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

ते बरे होऊन परतले आणि आणखी दोन वर्षं रोज सातला आम्हाला उठवत राहिले. मग एका दुपारी झोपेतच गेले.

ताटल्या आता माझ्या ओसरीवर असतात. परवा साताऱ्याहून बहीण आली होती. वर्धा आणि समुद्रपूर यांचं कधीच आटपलं होतं, तिसरी ताटली तशीच होती. "दहा मिनिटांनी उचलतोस ना रे? पंधरा झाली," ती म्हणाली. जाम फाटकापाशी पोचली होती. मी दुसरीकडे बघितलं.

"माह्यं घड्याळ मांगं आहे," मी म्हणालो.