टांगलेली सरकी

पहाटे पाचला अकोल्यातल्या कापसाच्या जिनाचा भोंगा व्हायचा तेव्हा देवमन जागाच असायचा. पण त्याचा दिवस उजाडायचा सहाला, शालिकराम दार ढकलून आत आल्यावर. शालिकराम शेजारी, रेल्वेत गँगमन. देवमनला बगलेत धरून तो बाजेवरून उचलायचा, चाकाच्या खुर्चीत ठेवायचा आणि कामावर जायचा. संध्याकाळी पुन्हा बाजेवर. मधल्या वेळात त्या घरात माणूस फिरकत नसे.

जिनात कापसाची गठाण अंगावर पडून देवमनचं कमरेखालचं अंग गेलं होतं. खुर्ची अकोल्याच्याच नत्थुजी सायकलवाल्याने जुन्या चाकांवर बांधून दिलेली. तिच्यात बसून तो जिनाचा बारदाना, तागाची पोती, शिवायचा.

१९६१च्या उन्हाळ्यात शालिकराम म्हणाला, "दादा, दिवाळीनंतर माही बदली हाय चांदूर रेल्वेले. तुमचं कसं?"

"पाहू."

पाहायचं एकच होतं. हातांच्या जोरावर अंग खुर्चीत टाकता आलं, तर आपलं घर. नाही तर वरूडला बहिणीच्या ओसरीत पडून राहणं.

एके काळी त्याने आखाड्यात मुद्गल फिरवले होते. आता ते चाकांवर आपटत. मग त्याने शालिकरामकडून आढ्याला विहिरीची जुनी कप्पी बांधून घेतली. दोराच्या एका टोकाला सरकीचं अर्धं पोतं, दुसरं टोक हातात. पहिल्याच ओढीला खुर्ची घसरली. चाकांना विटा लावल्या, कंबर धोतराने खुर्चीला आवळली. ओढायचं सावकाश आणि सोडायचं त्याहून सावकाश. खरा जोर सोडतानाच लागतो.

आधी सहज वर जाणारं पोतं भर पावसाळ्यात, पोळ्याच्या सुमारास, हलेनासं झालं. देवमन रोज दात आवळून ओढायचा. तळहात सोलले. एका सकाळी त्याने दोर सोडला.

"बहिणीले निरोप धाड. हात गेले माहे."

शालिकराम पोतं उतरवायला गेला आणि वाकलाच. "कायचं वजन हाय हे?" वर पाहिलं तर छपराचा कवेलू फुटलेला. पावसाचं पाणी थेट पोत्यात मुरत होतं. सरकी फुगली होती, तागातून पांढरे कोंब बाहेर आले होते.

"वावर पेरलं काय दादा हवेत? आता तण काढाले डवरा कुठून आणू?"

कितीतरी दिवसांनी देवमन हसला. मग म्हणाला, "मले बाजेवर ठेव. अन् हात लावू नको."

त्याने खुर्ची बाजेला भिडवली, शालिकरामला चाकांमागे विटा सरकवायला लावल्या, मुठी टेकल्या आणि अंग उचललं. थरथरत का होईना, तो खुर्चीत जाऊन पडला. शालिकराम हात पुढे करून तसाच उभा राहिला. त्या हातांना काम उरलं नव्हतं.

दिवाळीनंतर शालिकराम गेला. देवमन आता भोंग्यालाच खुर्चीत असायचा. त्याला उचलायला कोणी येत नसे. म्हणजे कोणीच येत नसे.

बारदान्याच्या मजुरीतून त्याने वर्षभराने एक खुर्ची घेतली. साधी लाकडी, चार पायांची. कोणी आलं तर बसायला.