अँटेना खाली उतरवणाऱ्या अनुसयाताई

अनुसयाताई रहांगडाले यांची आणि माझी पहिली भेट गोंदियाच्या प्रक्षेपण केंद्राच्या फाटकापाशी झाली. मी तिथे तंत्रज्ञ होतो. सरकारी वाहिनीचे कार्यक्रम उपग्रहावरून घ्यायचे आणि टॉवरवरून आसपासच्या गावांकडे सोडायचे, एवढे आमचे काम. नव्याण्णव साल सरत आले होते. गावोगावच्या कौलांवर लोखंडी पाइप उभे राहिले होते आणि केंद्रावर येणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न एकच असे : चित्र साफ येत नाही, अँटेना अजून किती वर नेऊ?

त्या दिवशी चौकीदार येऊन म्हणाला, "साब, ये बाई कल भी आके गई. आपसेच मिलना है बोलती."

बाहेर मध्यम वयाच्या एक बाई उभ्या होत्या. हातात कापडी पिशवी, पायांत धुळीने भरलेल्या चपला. नमस्कार वगैरे न करता त्यांनी थेट विचारले, "साहेब, अँटेना किती खाली लावला त चित्र येते?"

मला वाटले, ऐकण्यात चूक झाली. "खाली?"

"हो जी, खाली. वर कसा लावाचा ते बंदे सांगतात. खाली कसा लावाचा ते कोनी सांगत नाई."

"पण खाली कशाला लावायचा?"

"माहा नवरा वर लावताना मेला," त्या म्हणाल्या. "त्याच्यासंगं बिसेनचा नरेशही मेला."

मी त्यांना आत बोलावून बसवले. त्यांनी सांगितले ते थोडक्यातच सांगितले. पुढे त्यांच्या गावी जाणेयेणे वाढले, तेव्हा बाकीचे समजले.

कामठ्याच्या पुढे, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, त्यांचे गाव. यजमान तुळशीराम रहांगडाले यांचे बसथांब्याजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे लहानसे दुकान होते. अनुसयाताई दुकानात बसत, अँटेनाच्या नळ्या कापून जोडत, सिग्नल वाढवणाऱ्या बूस्टरची वायर सोलून देत. तुळशीराम घरोघरी जाऊन ते बसवत. गावावरून, काही घरांच्या अगदी डोक्यावरून, मोठ्या दाबाची वीजवाहिनी गेली होती. बिसेनांच्या घरी मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते. बैठकीतल्या टीव्हीवर ठिपक्यांच्या मुंग्या नकोत म्हणून पाइपाला आणखी एक तुकडा जोडायचे ठरले. खाली पाइप धरून बिसेनांचा मुलगा नरेश, वर कौलांवर तुळशीराम. पाइप उभा करताना कलला आणि तारेला लागला. धावत आलेल्या माणसांना कुणाला हात लावावा आणि कुणाला नाही, हेही कळत नव्हते. वीज बंद होईस्तोवर दोघेही गेले होते.

एकाच गावातून त्या दिवशी दोन तिरड्या निघाल्या. नरेशच्या आई भागरताबाई सगळ्यांसमोर अनुसयाताईंना म्हणाल्या, "तुह्या नवऱ्यानं मारलं माह्या पोराले." पुढे अनेक वर्षे ताई घरासमोरून जाताना दिसल्या की भागरताबाई दार लावून घेत.

माहेरच्यांनी दुकान विकून निघून यायला सांगितले होते. ताईंची मुलगी तेव्हा शाळेत होती. त्यांनी दुकान ठेवले आणि मला विचारलेला प्रश्न घेऊन त्या केंद्रावर आल्या.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर करूनच पाहावे लागणार होते. पुढच्या रविवारी मी एक लहान टीव्ही घेऊन त्यांच्या गावी गेलो. आम्ही अंगणातून अंगणात फिरलो. कुठे गोठ्यामागे, कुठे वाळलेल्या बांबूवर, कुठे नुसत्या भिंतीच्या खिळ्यावर अँटेना धरून पाहिला. तोंड नेमके टॉवरकडे केले आणि बूस्टर चांगला असला, तर जमिनीपासून फारसे वर न जाताही चित्र यायचे. मात्र मुंग्यांसकट. माणसांचे चेहरे ओळखू येत, कपाळावरचे कुंकू दिसत नसे. ताई त्या चित्राकडे बघत म्हणाल्या, "चालते. मुंग्या दिसल्या त दिसल्या."

त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी एक नियम केला. बांबू ज्या बाजूला पडेल त्या बाजूला तार असता कामा नये, आणि पडला तरी त्याचे टोक तारेपर्यंत पोचता कामा नये. जिथे अशी जागा मिळाली नाही, तिथे त्यांनी अँटेना लावलाच नाही. गिऱ्हाईक परत पाठवले.

लोकांना हे आवडले असे समजू नये. त्यांनी घरोघरी जाऊन लोखंडी पाइप उतरवायची विनंती सुरू केली, तेव्हा लोक त्यांना हसले, काहींनी हाकलले. "बाई कायले डोकं खाऊन राहिली?" हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. गावात धानाची गिरणी असलेल्या एका घराचा पाइप सर्वांत उंच होता आणि तारेच्या अगदी जवळ होता. ताई तिथे पुनःपुन्हा गेल्या. शेवटी गिरणीमालक म्हणाले, "तुह्या नवऱ्याले काम येत नोयतं म्हनून मेला. आमच्या घरी नोको शिकवू."

ताई मला हे सांगत होत्या तेव्हा मीच संतापलो. त्या म्हणाल्या, "त्याईले राग आला त येऊ द्या. मी उद्या परत जातो."

त्या परत गेल्याही. पण पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीस वावटळ सुटली आणि गिरणीमालकांचा पाइप आडवा होऊन तारेवर गेला. त्याच पाइपाला अंगणातली कपडे वाळत घालायची तार बांधलेली होती. पावसाचे थेंब पडू लागले म्हणून त्यांची सून कल्पना कपडे काढायला धावली आणि हात लागताच गेली. तिची दोन लेकरे ओसरीवर उभी होती.

मी दुसऱ्या दिवशी गावात पोचलो तेव्हा अनुसयाताई त्याच घरात होत्या. मोठ्या लेकराला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अंगणात जमलेल्यांपैकी कुणीतरी बोलू लागले, "या बाईनं किती खेपा सांगितलं होतं..." ताईंनी मान वर केली. "चूप राहा. आज नाई," एवढेच त्या म्हणाल्या. त्या घराला त्यांनी त्या दिवशीही बोल लावला नाही आणि त्यानंतरही कधी नाही. ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी लेखांसाठी त्यांची संमती मागितली, तेव्हा त्यांनी एकच अट घातली : तुळशीराम, नरेश आणि कल्पना या तिघांची नावे छापली पाहिजेत. ती मी इथे लिहिली आहेत.

कल्पना गेल्यानंतर गावाने पाइप उतरवले. कुणी सांगायची गरज राहिली नाही. ताई मात्र एवढ्यावर थांबल्या नाहीत. घरांवरून गेलेली वाहिनी गावाबाहेर सरकवावी म्हणून त्या वीज कार्यालयात जाऊ लागल्या. कधी गावकरी सोबत असत, बहुतेकदा त्या एकट्याच. एकदा मी बरोबर होतो. तिथल्या अधिकाऱ्यांनी समजावले की वाहिनी आधीची आहे, घरे नंतर तिच्याखाली आली.

"साहेब, मी कोनाले दोष द्याले नाई आली," ताई म्हणाल्या. "तार कधी सरकते, तेवढं सांगा."

"वरून मंजुरी आल्याशिवाय सांगता येणार नाही."

"मंग मंजुरी आली का ते इचाराले येत जातो."

आणि त्या येत गेल्या. अधिकारी बदलले, त्यांच्या खुर्च्या बदलल्या, ताईंच्या मुलीचे लग्न झाले, मग कुठे वाहिनी सरकली. नवे खांब बांध्यांमधून उभे राहिले त्या दिवशी गावात कुणी नारळ फोडला नाही. ताई दुकान बंद करून तिथे गेल्या, जुनी तार उतरेपर्यंत उभ्या राहिल्या आणि घरी आल्या. मी अभिनंदन केले तर म्हणाल्या, "कशाचं जी? तीन मानसं जाऊन सरकली."

त्यांच्या बोलण्यात गोडवा शोधणाऱ्याची निराशा होईल. पण त्यांच्या रोखठोकपणातली माया मी अनुभवली आहे. माझी पत्नी दीर्घ आजाराने नागपूरच्या रुग्णालयात वारली. घरी भेटायला येणारे मला धीर धरायला सांगत. मी धरतही होतो. चहा विचारत होतो, खुर्च्या मांडत होतो. ताई आल्या आणि म्हणाल्या, "खुर्च्या राहू द्या. रडून घ्या जी. मी नाई रडली तवा. मंग सालभर जेवन गेलं नाई." त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन भात टाकला. मी पुढच्या खोलीत बसून पहिल्यांदा रडलो. जाताना त्यांनी मला जेवायला बसवले आणि ताट पुरे होईपर्यंत समोरून उठल्या नाहीत.

भागरताबाईंविषयी लिहू की नको, असे मी ताईंना विचारले होते. "खरं हाय ते लिहा," असे त्यांचे उत्तर. नरेश गेल्यावर त्या घरातला टीव्ही पोत्यात बांधून माळ्यावर टाकला गेला. मुली सासरी गेल्या, बिसेनकाका वारले आणि भागरताबाई एकट्या राहिल्या. गुडघ्यांच्या दुखण्याने बाहेरचे फिरणे बंद झाले. मग एके दिवशी त्यांनी शेजारणीकरवी निरोप पाठवला : अनुसयाले सांगा, टीव्ही लावून दे.

योगायोगाने मी त्या दिवशी दुकानात होतो. ताई लगेच उठल्या. बांबू मी घेतला, अँटेना त्यांनी. इतक्या वर्षांनी ताई त्या अंगणात पाय ठेवत होत्या. त्यांनी पान्याने अँटेना बांबूला आवळला. मी बांबू धरायला पुढे झालो तर भागरताबाई भिंतीचा आधार घेत बाहेर आल्या.

"सरका जी. मीच धरतो."

"काकी, तुमी बसा ना," ताई म्हणाल्या.

"मीच धरतो म्हनलं ना."

त्यांनी बांबूला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि डोळे मिटून घेतले. ताईंनी तो खुंटाला बांधला, तार आत नेली, अँटेना फिरवला. टीव्हीवर मुंग्यांमधून बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा आला. भागरताबाई खाटेवर बसून तो पाहू लागल्या. बातम्या संपल्यावर त्या म्हणाल्या, "तुले माफ केलं असं नोको समजू."

"नाई समजत, काकी."

"लावता तुलेच येते, म्हनून बलावलं. उद्या ये. आवाज कमीजास्त कराचा कसा ते दाखव."

ताई दुसऱ्या दिवशी गेल्या. त्यानंतर भागरताबाई होत्या तोवर रोज संध्याकाळी जात राहिल्या. दोघी शेजारी बसून बातम्या पाहत. माफीचा विषय पुन्हा निघाला नाही, असे ताई सांगतात.

पुढे घरोघरी डिशच्या छत्र्या आल्या. मोठ्या शहरांत टॉवरवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू झाल्याचे आम्ही ऐकत होतो. आपल्याकडेही ते येईल, जुन्याच अँटेनावर स्वच्छ चित्र दिसेल, या आशेवर आम्ही केंद्रातले लोक काही काळ होतो. ते आले नाही. आमचे केंद्रच बंद झाले. ही बातमी मी स्वतः जाऊन ताईंना दिली. त्यांनी हळहळ व्यक्त केली नाही. "मंग आता बांबू-पाइप कायले उभे ठेवाचे?" म्हणाल्या आणि आजूबाजूच्या गावांत फिरून, कुणी विसरलेले, कुणी वेल चढवलेले, गंजलेले अँटेना उतरवून घेऊ लागल्या. ते काम त्या अजून करतात.

परवा त्यांनी मला विचारले, "तुमचा टॉवर अजून उभाच हाय का?"

"आहे. रिकामाच."

"उतरवा म्हना. कोनाच्या तरी अंगावर येईन एखाद्या दिवशी."

निवृत्त माणसाचे कोण ऐकणार, असे मी म्हणालो. त्यावर त्यांनी मला कोणत्या कार्यालयात जायचे, कुणाला भेटायचे आणि "पुढच्या आठवड्यात या" असे उत्तर मिळाल्यावर काय करायचे, ते समजावून सांगितले. मी येत्या सोमवारी जाणार आहे.

अनुसयाताईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. डॉक्टरांनी त्यांना शिडीवर चढायला मनाई केली आहे आणि त्या ऐकणार नाहीत, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. म्हणून त्यांना प्रकृतीचे पूर्ण सुख मिळो, डोळे आणि गुडघे शाबूत राहोत, लेकीच्या संसाराचे कौतुक पुष्कळ वर्षे त्यांच्या वाट्याला येवो. आणि त्या ज्या ज्या घराच्या शिडीवर चढतील, तिथे ती शिडी खालून घट्ट धरणारे कुणीतरी नेहमी असो.